शिक्का मारलेलं गाठोडं

मुलुंड,
दि. ४ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा धक्का बसला. घरात आता मासा शिजवत नाही असं तू सहज लिहून टाकतेस, जसं काही पावसाळा संपला असं लिहावं. अक्का, देवगडच्या बाईने मासा सोडला म्हणजे पुढे काय उरलं? माळच घालायची राहिली. वर लिहितेस, हल्ली तिखट कमी लागतं आणि लोणच्यात गूळ घालते. आपल्या घरात लोणच्यात गूळ कोणी घातला होता कधी? आई असती तर तिने बरणी विहिरीत टाकली असती.

फोन करावा तर तुझे कान गेले. मी इकडून बोंबलते आणि तू तिकडून सांगतेस, व्हय व्हय, गणपती बरे गेले. म्हणून हे लिहिणं आलं. पाचवी शिकलेल्या बाईला पत्र लिहायचं म्हणजे पोळ्या लाटण्यापेक्षा जास्त बोटं दुखतात, पण दुखू देत.

आता इकडची बातमी. मी ज्यांच्याकडे पोळ्या करते त्या शर्मिष्ठा मॅडम. त्यांच्या सोसायटीत पन्नाशी ओलांडलेल्यांचं मंडळ आहे, मॅडम त्याच्या अध्यक्ष. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी मलाही बोलावलं. सतरा वर्षांत त्या घरात पहिल्यांदा खुर्चीवर बसले. वाण म्हणून गाळणी दिली आणि मग एक खेळ घेतला. वीस प्रश्नांचा कागद. उत्तरं लिहायची आणि मॅडम सांगणार की पन्नाशीनंतर माणूस कुठल्या जातीचं झालं. जात म्हणजे आपली ती नव्हे, स्वभावाची. कोणी मोकाट गाय निघतं, म्हणजे दावं तुटलं आणि आता कुठेही चरायला मोकळं. कोणी पोटमाळा, सगळं वर साठवून ठेवणारं. कोणी मुरलेलं लोणचं. कोणी उंबऱ्यावरची मांजर, घरात पण नाही आणि बाहेर पण नाही. बायका नुसत्या खिदळत होत्या. मला वाटलं मी मुरलेलं लोणचं निघणार. निघाले प्रेशर कुकर. शिट्टी वाजते पण आतलं शिजलंय का कोणाला माहीत नाही, असं खाली लिहिलेलं. मी मॅडमना म्हटलं, हे कागदवाले माझ्या घरी येऊन गेलेत का.

दोन कोरे कागद मी मागून आणले. एक माझ्या नवऱ्याला दिला. ते भिंतीवरचं घड्याळ निघणार याबद्दल मला शंका नव्हती. निघाले मोकाट गाय. एकसष्ट वर्षांचा माणूस, पेन्शनीत गेलेला, लिहितो की त्याला महापालिकेच्या तलावात पोहायला शिकायचंय. तेहतीस वर्षांत हे मला एकदा बोलले नाहीत. मी विचारलं का नाही बोललात, तर म्हणतात कुकर उघडा असता तर बोललो असतो.

दुसरा कागद मी तुझा भरला. जवळच्या माणसाने भरला तरी चालतो असं मॅडम म्हणाल्या, आणि तुला माझ्याइतकं कोण ओळखतं. सकाळचा चहा कोणाबरोबर घेता? एकटी. शेवटचं पोट धरून कधी हसलात? आठवत नाही. आवडता पदार्थ सोडलात का? हो, मासे. घरात नवी वस्तू कधी आली? नाही आली. असे वीसही लिहिले. अक्का, तू गाठोडं निघालीस. एसटी स्टँडवर कोणीतरी ठेवून गेलेलं गाठोडं. स्वतःहून हलत नाही, जो उचलेल त्याच्याबरोबर जातं. मॅडमनी खाली सही केली आणि मंडळाचा गोल शिक्का पण मारला. मी नीट घडी करून डब्यात ठेवलाय.

तुझं काय खरं दिसत नाही मला. काळजी घे, आणि निदान सुके बोंबील तरी भाज.

माया कमी करू नकोस, मी तर करणार नाहीच.
तुझी,
सुलू


माळवाडी, ता. देवगड,
दि. १४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. सुलू हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी घाबरले, मग हसले. मी गाठोडं तर तू हमाल कधीपासून झालीस गो? डोक्यावर घ्यायला निघालीस ती.

तू लिहिलेली उत्तरं सगळी चुकली. वीस पैकी वीस. शाळेत तरी एखादं बरोबर यायचं तुझं. परवाच मी इतकी हसले की चहा नाकातून आला. नवी वस्तू म्हणशील तर दिवाळीत मिक्सर आणला, आणि पडवीत झोपाळा बांधून घेतला. संध्याकाळी आम्ही त्यावर बसतो. कुरकुरतो म्हणतात, मला कुठे ऐकू येतंय. मासा सोडलेला नाही, चुलीवर बाहेर करते कधीतरी, घरात करत नाही एवढंच. सगळ्यालाच कारण असतं, सगळंच पत्रात मावत नाही.

काशीरामांना पोहायला जाऊ दे. पाण्यात तुझा आवाज पोचणार नाही, तेवढीच त्यांना सुटी. बाकी आंब्याला मोहोर बरा आलाय. माकडांचा त्रास आहे, पण त्यांना हाकलायला आता घरात आवाज आहे.

तो कागद डब्यातच ठेव. कोणाला दाखवू नकोस.

आहेस तशीच राहा, फक्त वाफ जरा जपून सोड.
तुझी,
अक्का


मुलुंड,
दि. २४ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. उशीर झाला. कागद मी परवाच सुयोगला दाखवला.

रागावू नकोस, आधी ऐक. तुझा मुलगा आहे तो, त्याला कळायला नको? मी सुट्टी टाकून बोरिवलीला गेले. तुझ्या सुनेने, श्रुतिकाने पोहे केले, बरे करते हल्ली. सुयोग ऑफिसमधून आल्यावर मी कागद काढून त्याच्या हातात ठेवला. काही बोलले नाही. शिक्का मारलेला कागद असला की आपण बोलायची गरज नसते, रेशनवर बघते मी. त्याने सगळे प्रश्न वाचले. गाठोडं वाचलं. त्या गोल शिक्क्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, मावशी, हे आरोग्य शिबिरातल्या डॉक्टरांनी लिहिलंय का. मी म्हटलं, असतीलच डॉक्टर, मोठी सोसायटी आहे. डोळे भरले होते त्याचे. मला धक्काच बसला. भावजी गेले तेव्हापण हा पोरगा रडला नव्हता.

तो म्हणाला, दोन वर्षं हेच मनात होतं, आई एकटी आहे, कान गेलेत, साप-विंचवाची जागा, पण तिला सांगायची हिंमत होत नव्हती. आता लेखीच आलं म्हटल्यावर थांबण्यात अर्थ नाही. तर सगळं ठरलंय. शिमगा झाला की एकतीस मार्चला तो गाडी घेऊन येतोय. तुला बोरिवलीला आणायचं. घर मोकळं पडून नको म्हणून आंबेवाल्या ठेकेदाराची माणसं राहतील, त्याच्याशी बोलणं झालंय. मधली खोली तुला. मीपण दर रविवारी येईन. एवढ्या वर्षांनी आपण दोघी जवळ.

तुझ्या पत्रात आम्ही, आम्ही असं लिहिलंयस. आम्ही झोपाळ्यावर बसतो म्हणे. कोण आम्ही? तू आणि मांजर? एकटं राहून माणूस असं बोलायला लागतं, मॅडम सांगत होत्या. म्हणूनच मी घाई केली ते बरं झालं.

भांडी जास्त आणू नकोस. पाटा तर नकोच नको, चौथा मजला आहे.

तुझी वाट बघणारी,
सुलू


माळवाडी, ता. देवगड,
दि. ५ मार्च २०२४

चि. सौ. सुलू हीस,
अनेक आशीर्वाद.

आता हे पत्र खाली बसून वाच. हातात लाटणं असेल तर ठेव.

सुयोगचंही पत्र आलं. एकतीस तारीख, गाडी, ठेकेदाराची माणसं, सगळं लिहिलंय. मला एका शब्दाने कोणी विचारलं नाही. त्रेसष्ट वर्षांची बाई मी, सासू-सासऱ्यांचं केलं, बाग सांभाळली, आणि तुम्ही मावशी-भाच्याने हळदीकुंकवाच्या खेळातल्या कागदावर माझं घर परक्या माणसांना राहायला देऊन टाकलं. मी दोन दिवस जेवले नाही. गाठोड्याला उचलताना कोण विचारतं म्हणा.

मी एकटी नाही सुलू. दोन वर्षं नाही. आम्ही म्हणजे मी आणि चेतना.

चेतना घाटकोपरची. गुजराती आहे. गिरणी बंद पडल्यावर तुझे भावजी घाटकोपरला वर्कशॉपात लागले, तिथे शेजारच्या खोलीत ती खाकरे लाटायची आणि डबे द्यायची. नवरा लवकर गेलेला. मग ती आणि हे, अठरा वर्षं. तुला स्पष्ट लिहिलेलं आवडतं म्हणून स्पष्ट लिहिलं. मला कळलं ते हे गेल्यावर बारा वर्षांनी.

तिची खोली बिल्डरकडे गेली, पुतण्याने पैसे घेतले आणि तिला वाटेला लावली. ती इथे आली ती एक पिशवी घेऊन. दारात उभी राहिली आणि मला काय विचारलं असेल? विहिरीवरचा कापा फणस अजून धरतो का. आणि ती वासरी, जिचा पाय मोडला होता, ती जगली का. हे सगळं मी ह्यांना पत्रात लिहिलं होतं, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी. तेव्हा कळलं. तुला आठवतं, दर महिन्याच्या एक तारखेला ह्यांचं पत्र यायचं आणि सगळी वाडी म्हणायची, नवरा असावा तर असा. तो ह्यांचा गुण नव्हता. ती समोर बसवून लिहून घ्यायची. लिहिल्याशिवाय ताट वाढायची नाही.

मी तिला घरापुढच्या खळ्यात बसवलं, पाणी दिलं आणि तीन दिवस तोंडातून शब्द काढला नाही. जा म्हणून सांगणार होते. चौथ्या दिवशी लाकडं काढायला वाकले, खाली फुरसं वेटोळं घालून बसलं होतं. ती मागून ओरडली असणार, मला कुठे ऐकू येतंय. तिने धावत येऊन माझा अंबाडा धरला आणि मागे ओढलं, दोघी पडलो. सवतीने केस धरून ओढलं आणि मी वाचले. त्यावर मी जी हसायला लागले ती थांबेना. मग ती पण. मग रडलो. त्या दिवशी तिला घरात घेतलं.

ती मासे खात नाही, म्हणून घरात शिजवत नाही. लोणच्यात गूळ तिचा. कोणी हाक मारली तर ती माझ्या खांद्याला हात लावून सांगते. वाडीला सगळं ठाऊक आहे, कोणी तोंडावर बोलत नाही. सुयोग गणपतीला, मे महिन्यात येतो तेव्हा ती पिशवी भरून शेजारच्या क्षमाकडे जाऊन राहते. मी सांगितलं नव्हतं जायला. का जातेस विचारलं तर पिशवी भरत राहते.

आता सांग, एकतीस तारखेला मी गाडीत बसले तर ती कुठे जाईल? आणि तिला सोडून मी कुठे जाऊ?

आता तुझ्या मायेची कसोटी आहे, पुढचं तू बघ.
तुझी,
अक्का


मुलुंड,
दि. १२ मार्च २०२४

अक्का,

नमस्कार वगैरे लिहायच्या मनःस्थितीत मी नाही. पत्र वाचलं तेव्हा उभी होते, मग खाली बसले ते फरशीवरच. आमटी करपली.

अठरा वर्षं. भावजी. मला अजून खरं वाटत नाही. ते मुंबईला आमच्याकडे यायचे तेव्हा मी पहिला तुकडा त्यांच्या ताटात वाढायचे. देवमाणूस म्हणायचे. माझ्या नवऱ्याला मी वीस वर्षं त्यांचं उदाहरण दिलंय. पगार हातात दिला नाही की भावजी बघा. उशिरा आले की भावजी बघा. काल तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. चेहरा असा फुलला की बघत राहावं. उठून स्वतः चहा केला, मलापण दिला, आणि टॉवेल घेऊन पोहायला गेले. शिट्टी वाजवत गेले अक्का. ही माझी अवस्था.

आणि तू. तू त्या बाईला घरात घेतलंस. आईने दिलेल्या पाट्यावर ती चटण्या वाटत असेल. फुरसं काय, कोणीही ओढलं असतं. फुरशापासून वाचवलं म्हणून कोणी घर देतं का? तू सहा महिन्यांनी नवऱ्याचं तोंड बघायचीस, कधी वर्षाने, आणि ती रोज गरम वाढायची. तुझ्या पत्रांतलं सगळं तिने वाचलं. तुझं दुखणंखुपणं, सासू काय बोलली, सगळं. मला ते वाचून अंगावर काटा आला, तुला हसू कसं आलं?

दोन वर्षं तू मला फसवलंस. मी इथे तुझा मासा सुटला म्हणून डोळे पुसतेय. गाठोडं कोण, तर मी. कोणी काही सांगायचं नाही आणि मी आपली डोक्यावर बसलेय.

सुयोगला कळलं तर काय होईल याचा विचार केलास? बापाचा फोटो दिवाणखान्यात आहे त्याच्या, रोज हार घालतो. त्या बाईला तो एका मिनिटात बाहेर काढील, आणि मी त्याला अडवणार नाही. यापुढे मला लिहू नकोस.

सुलक्षणा


माळवाडी, ता. देवगड,
दि. १९ मार्च २०२४

चि. सौ. सुलू हीस,
अनेक आशीर्वाद.

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय. रागावलीस ते बरं झालं. मला जे बोलता आलं नव्हतं ते तू बोललीस. पण मी तीन दिवस खळ्यात बसून तेच सगळं मनात बोलून संपवलंय, आता माझ्याकडे उरलं नाही.

पोस्टमनकडून तुझं पत्र तिनेच घेतलं. मी वाचलं आणि माझं तोंड बघून तिला कळलं. संध्याकाळी तिने मिक्सर पुसून ठेवला, तुळशीला पाणी घातलं आणि पिशवी भरायला घेतली. कुठे जाणार विचारलं तर म्हणते बघू. एकोणसाठ वर्षांची बाई, गुडघे गेलेले, बघू म्हणते. मी पिशवी उपसून कपाटाला कुलूप घातलं, किल्ली माझ्या कमरेला. असं किती दिवस चालेल मला माहीत नाही.

तिने माझं काय घेतलं ते मला माहीत आहे, सुलू. मोजायला तू नकोस. पण माझे कान जाऊन सहा वर्षं झाली. त्यातली चार मी भिंतींकडे बघत काढली. आता कोणीतरी खांद्याला हात लावून सांगतं की बाहेर पाऊस पडतोय.

मला घर नको धरून ठेवायला. मला ती जायला नको.

कागद तू नेलास, आता तोंडही तूच ने. सुयोगला काय सांगायचं ते तुझ्यावर सोडलं. एकतीस तारखेला गाडी आली तर मी गाडीत बसणार नाही, आणि मुलाने आईला ओढून नेली असं वाडीने बघितलेलं मला चालणार नाही.

थोरली म्हणून सांगत नाही, मागतेय.
तुझी,
अक्का


मुलुंड,
दि. २६ मार्च २०२४

चेतनाबाईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला आहे, अक्काला नाही, आणि एकतीसच्या आत पोचावं म्हणून स्पीड पोस्टाने टाकतेय. पोस्टमनकडून तुम्हीच घेता असं कळलं, तर आधी तुम्हीच वाचा. तुम्हाला काय म्हणायचं ते मला सुचत नाही. वहिनी म्हणणार नाही, ताई तर मुळीच नाही. नावानेच लिहिते. मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. ते अक्काचं काम होतं आणि तिने ते मला न विचारता करून टाकलंय.

पहिल्यांदा मी शर्मिष्ठा मॅडमकडे गेले आणि कागदाचं काय काय झालं ते सांगितलं. म्हणाल्या, अहो सुलक्षणाबाई, तो खेळ होता, प्रश्न मी सुपारी कातरता कातरता लिहिलेत, शिक्का तर बायकांना मजा वाटावी म्हणून मारला. मी म्हटलं, तुम्ही मजा म्हणून मारता, आमच्याकडे शिक्क्यावाचून गहू मिळत नाहीत. त्या रडवेल्या झाल्या. माझीपण चूक होती, ती मी त्यांना सांगितली नाही, तुम्हाला सांगते. मी अक्काला तीस वर्षांपूर्वीची धरून वीसच्या वीस उत्तरं लिहिली, आणि डॉक्टर असतीलच असं पण मीच म्हटलं.

काल धुळवडीला मी बोरिवलीला गेले. सुयोगचे कान अजून गुलाबी होते. त्याला म्हटलं, कागद खोटा आहे, फाडून टाक, तुझी आई धडधाकट आहे आणि हसते. तो म्हणाला, मावशी, कागद खोटा असला तरी आई एकटी आहे ते खरं ना. शब्द शोधण्यात माझा जीव रमत नाही. सरळ सांगितलं. म्हटलं ती एकटी नाही, तिच्याजवळ घाटकोपरची चेतना नावाची बाई राहते, दोन वर्षं झाली, ती कोण ते तुला कसं सांगू ते मला कळत नाही.

मी डोळे मिटून बसले, आता भांडं आदळेल म्हणून. काहीच आवाज नाही. डोळे उघडले तर तो विचारतोय, चेतनामावशी? त्या आहेत?

चेतनाबाई, त्याला माहीत होतं. सत्तावीस वर्षं माहीत आहे. अकरा वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत तो बापाकडे राहायला आला, त्याला गोवर निघाला, आणि तुम्ही डबे बंद ठेवून आठवडाभर त्याच्या उशाशी बसला होतात. तुम्हाला वाटलं, डबे देणारी बाई सांगितलं आणि पोराला पटलं. अकरा वर्षांचं पोर एवढं वेडं नसतं. बापाचा सदरा तुमच्या दोरीवर वाळत होता ते त्याने बघितलं होतं. आईला कळलं तर ती जगणार नाही या भीतीने तो पोरगा एवढी वर्षं तोंड शिवून बसला. आणि अक्का त्याला कळू नये म्हणून गप्प. आणि तुम्ही तो आला की क्षमाकडे पळताय. गावभर ज्ञान वाटत फिरणाऱ्या बाईला, मला तेवढं काही माहीत नव्हतं. माझं डोकं अजून जाग्यावर नाही.

तो पुढे जे बोलला ते तुम्हाला कळलं पाहिजे म्हणून लिहिते, नाहीतर कोणाच्या घरातलं रडणं मी बाहेर नेत नाही. बाप गेला त्या दिवशी तुम्ही आमच्या चाळीच्या गेटबाहेर उभ्या होतात. आत यायला तुम्हाला कोणी दिलं नाही. मी तिथेच होते, मला वाटलं डबेवाली असेल, पैसे राहिले असतील. त्याने तुम्हाला बघितलं होतं, चोवीस वर्षांचा होता, आणि हाक मारली नाही. आई बाजूला होती म्हणून मारली नाही. ते त्याच्या घशात अडकून बसलंय. काल ते बाहेर पडलं. श्रुतिका दारात उभी, हातात पुरणपोळीचं ताट, तिला काही कळेना. मी तिला म्हटलं, ताट ठेव आणि त्याच्याजवळ बस, बाकी मी नंतर सांगते. नंतर सांगितलं. ती शहाणी आहे, फक्त एवढंच विचारलं की त्यांना कांदा-लसूण चालतो का.

ठेकेदाराला त्याने माझ्यासमोर नको म्हणून कळवलं. एकतीसला मात्र तो येतोय. न्यायला नाही. दोन दिवस राहायला. तुम्हाला भेटल्यावर तो काय बोलेल ते मला माहीत नाही, त्यालापण माहीत नसावं. बापावर तो रागावलेला आहे आणि तो राग तुम्हालापण ऐकायला लागेल. ऐकून घ्या. अक्काने तुमचं ऐकलं नव्हतं का. पण त्या दिवशी क्षमाकडे गेलात तर माझ्याशी गाठ आहे.

कपाटाची किल्ली अक्काकडून मागून घ्या आणि नीट साडी नेसा. दुपारी तीनच्या सुमाराला पोचेल म्हणाला. खालच्या वळणावर तुम्हीच उभ्या राहा. अक्काला गाडी आलेली कळायची नाही. कोणीतरी सांगायला पाहिजे तिला, आणि मी इथे आहे.

लोभ अजून जमलेला नाही, जमेल तसा कळवीन.
आपली,
सुलक्षणा